पिशवी आणि झेरॉक्स

वसई, २७ सप्टेंबर, शनिवार. रात्र.

सकाळपासून पाऊस धरून आहे. आज संत व्हिन्सेंट डी पॉलचा सण, पण मिस्साला जेमतेम तीस-पस्तीस डोकी. फादरांनी प्रवचन लवकर आवरलं, तरी ओझानाम त्यात आलाच. पॅरिसमधला वीस वर्षांचा विद्यार्थी, साल १८३३. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने माणसं पटापटा गेलेली. वादसभेत कुणीतरी त्याला सुनावलं, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल पुष्कळ, आज काय करता ते बोला. तो आणि त्याचे मित्र उठून गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझलीकडे गेले. तिने त्यांच्या हातात गरिबांचे पत्ते ठेवले. गरिबांच्या घरी जाणारी आमची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू झाली ती तिथून. मला या गोष्टीतले ते पत्ते फार आवडतात. (ही सोसायटी व्हिन्सेंटनेच काढली, असं आमच्याकडे निम्म्या लोकांना वाटतं. तो बिचारा १६६० सालीच गेला होता.)

संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत सोसायटीची सभा. मी सोसायटीत येऊन आठ महिने झाले, म्हणजे अजून नवीनच. सभा संपताना कापडी पिशवी फिरते. तोंड एवढंच की मूठ जेमतेम आत जाईल. मूठ मिटून घालायची आणि आत उघडायची. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणाच्या मुठीत काहीच नव्हतं, ते पिशवीला माहीत. आज मी दोनशे टाकले. इथे लिहून त्या मुठीवर पाणी सोडलं म्हणायचं.

आज सभेत थोडी खडाखडी झाली. आमच्यातल्या एका तरुणाचं म्हणणं, धान्य देताना फोटो काढावेत, ग्रुपवर टाकले तर देणगीदार वाढतील. त्याचं अगदीच चूक नाही. महिन्याला बारा घरं आहेत आणि तूरडाळीचा भाव काय आहे ते मला ठाऊक आहे. पण मी नको म्हटलं आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं. सोसायटीतल्या म्हाताऱ्या काकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तेव्हा कळलं आवाज किती चढला होता ते.

मागच्या आठवड्यातलं घर डोक्यातून जात नाही. आम्ही नेहमी दोघं-दोघं जातो, माझी जोडी काकांशी. नालासोपाऱ्याच्या वाटेवरची चाळ, दहा बाय दहाची खोली. नवरा रिक्षा चालवायचा, आता टीबी. माणसं जालन्याकडची. बाई इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते. काडीच्या टोकाला मेण लावून खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, की पुढचा. बोलताना तिचा हात एकदाही थांबला नाही. बारा डझनांमागे पैसे, थांबून कसं चालेल.

आम्ही तांदूळ, डाळ, तेल आणि अंडी ठेवली. तिने खाली मान घालूनच विचारलं, "ताई, तुमच्या चर्चात यावं लागंल का?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. काका म्हणाले, "नाही गं बाय. नाताळात येशूबाळाचा गोठा बघायला ये वाटलं तर पोरांना घेऊन. पोरांना आवडतो."

मग हळूहळू खरी अडचण निघाली. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. खाण्यापिण्यासाठी टीबीच्या पेशंटला सरकार महिन्याला हजार रुपये देतं, पूर्वी पाचशे होते. पण ते खात्यात येतात, आणि याचं खातं केवायसीवाचून बंद पडलेलं. दोन खेपा घातल्या, दोन्ही वेळा एकेक कागद कमी निघाला. तिसऱ्या खेपेचं त्राण नाही. आम्ही पाच किलो तांदूळ घेऊन गेलो होतो आणि त्यांना हवं होतं रांगेत सोबत उभं राहणारं माणूस.

परत येताना मी कुरकुरलेच. कोपऱ्यात टीव्ही होता, बाईच्या हाताशी बरा मोबाइल होता. "काका, टीव्ही आहे की त्यांच्याकडे."

काका दहा-बारा पावलं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईच्या कानात सोन्याची फुलं होती. मी तरी मापलं."

१९७४-७५ असेल. अमेरिकेतून आलेला बल्गर गहू आणि तेल कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत चर्चच्या अंगणात वाटायचे. तेलाच्या डब्यावर हातात हात दिलेलं चित्र. बाबा अंथरुणाला खिळलेले, पानवेलीची वाडी खंडाने दिलेली. मी नऊ वर्षांची, आईचा पदर धरून रांगेत. कुंपणापलीकडे माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहून बघत होती. पुढे त्या डब्यात आईने अबोली लावली. चित्राची बाजू भिंतीकडे. माप हातात धरून उभा असलेला तरणाबांड मुलगा म्हणजे हे काका, हे मला तोवर माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ते मला रोज चर्चमध्ये भेटतात, आणि कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

आईने ती फुलं का विकली नाहीत, ते मी तिला कधी विचारलं नाही. लग्नातली होती. विकून आठ दिवस निघाले असते, मग नवव्या दिवशी रांगेत उघड्या कानांनी उभं राहावं लागलं असतं.

फोटोचा विषय पुढच्या सभेवर ढकललाय. त्या मुलाला मी घरी चहाला बोलावलंय. डब्याची गोष्ट सांगेन, पटली तर पटली.

आज चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी साडेनऊला रिक्षा घेऊन चाळीपाशी जायचं, त्यांना घेऊन दहाला बँकेत. आधार, पॅन, दवाखान्याचं कार्ड, दोन फोटो. झेरॉक्स दोन-दोन सांगितल्यात, मी तीन-तीन काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यात. ऐनवेळी तिसरी मागतातच.