लॅटिनमध्ये भेटला भ गण
आज दोन तास रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनिड' या लॅटिन महाकाव्याच्या पहिल्या तीन ओळींचं वृत्त सोडवायची झटापट! शाळेत घोकलेलं यमाताराजभानसलगं शेवटी कामी आलं, कारण त्या वृत्तातला डॅक्टिल नावाचा गण म्हणजे चक्क आपला भ गण, एक गुरू दोन लघू, ओळीत असे सहा, फक्त दोन लघूंच्या जागी एक गुरूही चालतो. पहिली 'आर्म विरुम्क्वे कनो' पटकन सुटली. तिसरीत 'मुल्तुम् इल्ले एत्'पाशी हिशोबच लागेना, खोडून खोडून कागद फाटला, मग कळलं की शब्दाच्या शेवटचा स्वर, अगदी 'उम्' सकट, पुढच्या स्वरात गिळायचा, म्हणायचं 'मुल्तिल्लेत्'. ओळीतला पाचवा गण बहुतेक भ गणच असतो म्हणून शेवटाकडून उलटं मोजत आले. आईला फोनवर ठेक्यात म्हणून दाखवलं, तर म्हणे, 'भांडी पडली का गं?'