रिबेका ब्रायन बूनच्या माहेराच्या वाटेने

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनियल बूनच्या, म्हणजे अठराव्या शतकात तिथे वसाहत वसवणाऱ्या नामांकित शिकाऱ्याच्या, नावाच्या पाट्या पावलोपावली भेटतात. त्याच्या बायकोला त्यांवर जेमतेम एक ओळ मिळते. रिबेकाचा जन्म १७३९ चा, व्हर्जिनियातला. १७५६ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या यॅडकिन खोऱ्यात तिचं लग्न झालं. दहा मुलं झाली, शिवाय विधुर भावाची पोरकी सहा मुलंही तिने वाढवली. तिचा माग काढायचा तर ‘बून’ बाजूला ठेवून ‘ब्रायन’ हे माहेरचं आडनाव धरायचं. आमचा सगळा प्रवास आम्ही त्याच आडनावावर बेतला.

पहिला मुक्काम नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरीला करा. बून घराण्याचं जुनं गाव मॉक्सव्हिल आज डेव्ही काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे, पण ही काउंटी रोअन काउंटीतून फुटली १८३६ साली. त्यामुळे अठराव्या शतकातले कागद रोअनच्या नावाखाली, तिचं मुख्य ठिकाण असलेल्या सॉल्सबरीत शोधावे लागतात. जमीन विकल्याची खतं आधी काढा. जमिनीत बायकोचाही हक्क असे आणि विकताना तिची संमती लागे, म्हणून एरवी कुठे न दिसणारी बाई तिथे नावानिशी सापडते. रिबेकाला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तिची खूण असे. नोंदवहीत तीही कारकुनाने नकलून घेतलेली असते, तरी ती पाहताना मला भरून आलं.

तिच्या वडिलांचं नाव जोसेफ ब्रायन. आईच्या नावावर मात्र वंशावळकारांचं एकमत नाही: कुणी हेस्टर हॅम्प्टन म्हणतं, कुणी अ‍ॅलिस लिनव्हिल. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत यांपैकी एक नाव बिनदिक्कत छापलेलं दिसेल. मूळ कागद कोणता, हे विचारल्याशिवाय ते उतरवून घेऊ नका. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही सुनांच्या माहेरचा रकाना असाच अर्धामुर्धा असतो.

मॉक्सव्हिलला जोपा दफनभूमीत तिच्या सासू-सासऱ्यांची थडगी आहेत. वाट वाकडी करून जाण्याजोगी जागा.

केंटकीतला, बूनने वसवलेल्या बून्सबरोचा किल्ला नव्याने उभारलेला आहे, जुनं असं त्यात काही नाही. तरीही जा, कारण नदीकाठची ती जागा पाहिल्यावर १७७८ चं साल उमगतं. त्या साली शॉनी या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी नवऱ्याला पकडून नेलं, तो मेलाच असं धरून रिबेका मुलांना घेऊन डोंगर ओलांडत यॅडकिनला, माहेरी परतली. थोरला जेम्स १७७३ सालीच मारला गेला होता. १७८२ साली केंटकीतल्या ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायलही गेला. शॉनींच्या दृष्टीने ही त्यांच्या शिकारीच्या भूमीवरची घुसखोरी होती, हे तिथे उभं असताना विसरता येत नाही.

वेळ राखून ठेवा तो मिझुरी राज्यासाठी. १७९९ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ती इथे आली. डिफायन्सजवळ मुलगा नेथन याचं चुनखडी दगडाचं घर आहे; ते आतून दाखवतात, वेळा आधी फोनवर विचारा. तिथून ९४ क्रमांकाचा रस्ता नदीच्या बाजूने मार्थास्व्हिलला जातो. सार्वजनिक वाहन नाही, गाडी हवीच. १८ मार्च १८१३ ला रिबेका वारली ती या भागात, लेक जेमायमाच्या घरी. टेकडीवरची तिची दफनभूमी ब्रायनांची आहे. नवऱ्यालाही १८२० साली तिच्याशेजारीच पुरलं. १८४५ मध्ये दोघांचे अवशेष म्हणून काही हाडं केंटकीच्या फ्रँकफर्टला नेली गेली. ती खरोखर त्यांचीच होती का, हा वाद अजून चालू आहे. फ्रँकफर्टचं स्मारक भव्य आहे, पण एकच ठिकाण जमणार असेल तर मी मार्थास्व्हिल निवडेन.

निघण्यापूर्वी १८५१ साली लायमन ड्रेपर या इतिहास-संग्राहकाने नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांच्याकडून घेतलेल्या आठवणी वाचून घ्या. मूळ कागद मॅडिसनला, विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहेत, पण अमेरिकेतल्या अनेक मोठ्या ग्रंथालयांत त्यांची मायक्रोफिल्म मिळते. ऑलिव्हने सांगितलेला भाग सोडू नका, सासूला जवळून पाहिलेली ती सून होती.