काटेरी, अनोळखी

सप्टेंबर संपत आला होता. उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या बुग्यालवरून, म्हणजे उंचावरच्या कुरणावरून, चोपत्याकडे उतरायचं आणि दर शंभर मीटरला चौकट आखून आत काय उगवलंय ते मोजायचं, एवढंच त्या दिवसाचं काम. ३,४०० मीटरवर झाड नाहीच. गवत, पोटेंटिला, जेंशियनची निळी फुलं, सगळं घोट्याच्या खाली. मोजायला अक्षरशः पालथं पडावं लागतं. शंभरेक मीटर खाली सिमरू लागतो. बुरांशाचा, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचाच भाऊबंद, पण बर्फाच्या ओझ्यानं खोडं उताराच्या अंगाला आडवी झालेली. वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर झाडं वाढत नाहीत ती हद्द, नकाशावर एक रेघ असते. प्रत्यक्षात या खोडांच्या गुंत्यात पाय अडकून पडलात, की आली असं समजायचं.

त्याखाली खरसू, म्हणजे उंचावरचा ओक. माझा खरा प्रश्न तिथेच होता: म्हाताऱ्या झाडांखाली नवी रोपं येतायत का? पुस्तकी ओळख पाठ होती. चिवट पान, मागून तपकिरी लव, कडा सपाट. तशी रोपं शोधत राहिले. पाच चौकटी झाल्या, पाचांत शून्य. मनातल्या मनात निष्कर्षाचा परिच्छेदही लिहून झाला होता, खोटं कशाला बोलू!

सोबतचे गढवाली भैजी टेप धरून कंटाळले होते. माझ्या तक्त्यात डोकावून त्यांनी विचारलं, "दीदी, ये 'काँटेदार, अज्ञात' क्या है?" मी हॉलीसारख्या काटेरी पानांची वीतभर रोपं दाखवली. ते हसलेसुद्धा नाहीत. शेजारच्या, चाऱ्यासाठी छाटलेल्या खरसूच्या बुंध्याशी मला घेऊन गेले. बुंध्यातून फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांची पानं काटेरी होती आणि त्याच झाडाच्या शेंड्याकडची पानं सपाट कडांची. "यही है. बच्चा है अभी."

गुरांच्या तोंडाशी असेपर्यंत काटे, वर गेल्यावर कशाला हवेत?

पाचही तक्त्यांवर 'अनोळखी'ची संख्या मी लिहिली होती, पण नमुने घेतले होते दोनच चौकटींतून. उरलेल्या तीन चौकटींत ती सगळी खरसूचीच पोरं होती की त्यात एखादं दुसरं काटेरी झुडूपही मिसळलं होतं, हे छातीठोकपणे सांगता येईना. म्हणजे पुन्हा वर.

दुसऱ्या दिवशी धुक्यात चढलो. रोपं होती, बरीच होती. पण कुरतडलेली, बहुतेक वीतभरच. गुडघ्याएवढं एकही नव्हतं. तक्त्यात उंचीचा रकाना आखलेलाच नव्हता. तो मी समासात पेन्सिलीनं काढला.