डोव्हरच्या धुक्यात: ती फेरी नेमकी कोणासाठी वळली?

त्या सकाळी अर्ध्या मैलापलीकडचं काही दिसत नव्हतं. इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत आमचं जहाज नैर्ऋत्येकडे निघालेलं, म्हणजे इंग्लंडच्या बाजूच्या लेनमध्ये (लेन म्हणजे जहाजांसाठी आखलेला एकेरी मार्ग). ईशान्येकडे जाणाऱ्यांची लेन फ्रान्सच्या बाजूला. सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर, आणि अटलांटिक ते रॉटरडॅम-हॅम्बुर्ग जाणारी-येणारी बहुतेक वाहतूक इथूनच. दिवसाला ४०० हून जास्त जहाजं. या लेन आडव्या कापत डोव्हर-कॅले फेरीबोटींची ये-जा चालूच.

इंजिन स्टँडबायवर (केव्हाही वेग बदलायला तयार), सुकाणू हातात, भोंगा चालू, वेग १४ नॉट. डावीकडे व्हार्नचा वाळूचा बांध. उजव्या अंगाने मागून एक कंटेनर जहाज आम्हाला ओलांडत होतं. तेवढ्यात उजवीकडे पुढे डोव्हरहून निघालेली फेरी रडारवर आली, सीपीए, म्हणजे दोघं जवळात जवळ येतील ते अंतर, ०.४ मैल.

स्वच्छ हवेत सागरी टक्कर टाळण्याच्या नियमांतला नियम १५ लागतो: ती आपल्या उजवीकडे, म्हणजे वाट आपणच द्यायची. लेनमध्ये आहोत म्हणून आपला हक्क, हा समज कितीतरी अधिकाऱ्यांच्या डोक्यातून जात नाही. धुक्यात मात्र नियम १९: हक्क कोणालाच नाही, आणि पुढच्या बाजूच्या जहाजासाठी डावीकडे वळणं शक्यतो टाळायचं. उजवीकडे कंटेनरवाला. उरला वेग. तो ९ नॉटवर आणला, फेरी पुढून निघून जावी म्हणून.

तेवढ्यात फेरीच उजवीकडे वळली आणि जवळपास आम्हाला समांतर धावू लागली, बहुधा आम्ही पुढे जावं म्हणून. आम्ही तिची वाट बघतोय, ती आमची! वेग कमी करण्यातली गोम हीच: समोरच्याच्या आर्पाला (रडारवरून इतर जहाजांचा मार्ग मोजणाऱ्या यंत्रणेला) नवा सीपीए स्थिर व्हायला तीनेक मिनिटं लागतात. मोठं वळण लवकर कळतं, पाच नॉटची घट तितकी नाही.

थर्ड मेटचा, म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याचा, हात व्हीएचएफ रेडिओकडे गेला, तो थांबवला. नाव घेऊन बोलावता येतं, पण तडजोड ठरेपर्यंत मैल संपतो, आणि ठरतं ते बरेचदा नियमाविरुद्ध. डोव्हर कोस्टगार्ड चॅनल ११ वर माहिती देतं, वळायचा हुकूम नाही.

कंटेनरवाला पुढे सरकताच उजवीकडे ५० अंश वळलो. फेरी ०.८ मैलावरून पुढून गेली.

१९७१ च्या जानेवारीत फोकस्टोनजवळ टक्कर होऊन 'टेक्साको कॅरिबियन' बुडालं, त्याच्या अवशेषांवर आणखी दोन जहाजं आदळली, एकूण ५१ माणसं गेली. लेन तेव्हाही होत्या, पण ऐच्छिक. बंधनकारक झाल्या १९७७ मध्ये. त्यांनी समोरासमोरचा धोका कमी केला. आडव्या कापणाऱ्यांचं कोडं तसंच आहे.

नंतर रडारचा प्लॉट पुन्हा पाहिला तेव्हा वाटलं, फेरी आमच्यासाठी वळलीच नसेल. तिला आमच्याआधी कंटेनरवाला आडवा येत होता. वेग दहा मिनिटं आधी उतरवला असता, तर तो केव्हाच पुढे गेला असता. पण तेव्हा फेरी बंदराबाहेरही आली नव्हती.