एलियटबाई साडेसहा फॉर्ममध्ये

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमधून 'फायनल प्रूफ' म्हणून जे पुडकं माझ्याकडे आलं, त्यात पान नऊवर जॉर्ज एलियट 'जन्मला' होता.

पुस्तक साधंच. कॉलेजच्या मुलींसाठी एका इंग्रज कादंबरीकार बाईचं चरित्र, जॉर्ज एलियट हे तिचं टोपणनाव. लेखक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. 'जन्मला' ही करामत ऑपरेटरची. सरांनी हस्तलिखितात बाईंना कुठं मेरी अ‍ॅन म्हटलेलं, कुठं मेरियन, कुठं मिसेस लुईस. पोरगं वैतागलं आणि त्यानं सगळीकडे एकच नाव मारून टाकलं. वर जॉर्ज म्हणजे बाप्या, म्हणून हाताला लागतील ती क्रियापदंही 'दुरुस्त' केली. पानं लावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण मजकूर वाचायचा नाही असं ठरवूनच तो खुर्चीत बसतो. परिणामी पान बावन्नवर छापील अक्षरांत होतं: 'जॉर्ज एलियटने जॉर्ज एलियट हे टोपणनाव घेतले.'

अशा वेळी आम्ही नावांची चिठ्ठी करतो आणि ती प्रुफाला टाचतो. वडिलांच्या घरी असेपर्यंत मेरी अ‍ॅन. १८५१ मध्ये लंडनला आल्यापासून मेरियन. १८५७ पासून, आणि तेही फक्त पुस्तकांच्या संदर्भात, एलियट. ही चिठ्ठी करायची तर प्रत्येक वाक्य कोणत्या सालात घडतंय ते बघावं लागतं. एरवी मी रफार, अनुस्वार आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द बघते, गोष्ट माझ्या डोळ्यांखालून नुसती सरकत जाते. या वेळी ती वाचावी लागली.

आणि तेवढ्यात सरांचा निरोप आला, पान एकतीस ते अडतीस काढा.

कारण तयार होतं. पुस्तक भरत होतं एकशे चार पानं, म्हणजे साडेसहा फॉर्म. प्रकाशकाचा हिशेब सहाचा, शहाण्णव पानांचा. सोळा पानांचा एक फॉर्म, वरची आठ पानं म्हणजे कागद, छपाई, घडी, सगळ्याचाच जादा खर्च. हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण सुरुवातीला चार पानं शुभेच्छा संदेशांची होती, फोटोसकट. त्यांना हात लावायची भाषा कुणी काढली नाही. आपल्याकडं ती पानं लेखकापेक्षा ज्येष्ठ असतात.

काढायची आठ पानं नेमकी लंडनची. त्याआधीची बाई सरांना चालत होती. आई गेल्यावर बापाचं घर सांभाळणारी, चिकाटीनं जर्मन, इटालियन, लॅटिन शिकणारी. १८४२ मध्ये तिनं चर्चला जायचं नाकारलं आणि बापाशी उभा दावा मांडला, तेही चालत होतं, कारण शेवटी ती चर्चला गेली, मनात काय ते मनात ठेवून. स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाच्या येशूचरित्राचा जाडजूड अनुवाद तिनं केला. तो १८४६ मध्ये निघाला, त्यावर तिचं नाव नव्हतं, मोबदला वीस पौंड. इथवर पान तीस.

एकतीसपासून १४२, स्ट्रँड, लंडनच्या एका रस्त्यावरचा पत्ता. प्रकाशक चॅपमनचं घर, तिथंच त्याची बायको, तिथंच त्याची मैत्रीण, आणि त्याच घरात खोली घेऊन राहणारी मेरियन. 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' हे नियतकालिक ती चालवत होती. लेख मागवायचे, कापायचे, लेखकांचे रुसवे काढायचे, प्रुफं बघायची. संपादक म्हणून नाव चॅपमनचं. पगाराचं नाव नाही. हे सगळं लिहिताना सर स्वतः रंगले होते, ते वाक्यावाक्यात कळत होतं. पुढं लुईस, लेखक आणि समीक्षक, मेरियनचा जोडीदार. त्याची बायको त्याच्याच मित्रापासून आई झालेली, लुईसनं ते मूल आपल्या नावावर नोंदवलेलं, त्यामुळं घटस्फोटाचा दरवाजाच बंद. १८५४ च्या जुलैत तो आणि मेरियन उघडपणे जर्मनीला निघून गेले.

मी आणि ऑपरेटर बसलो. टाइप चौदाचा तेरा केला, ओळींतलं अंतर किंचित आवळलं, प्रकरणं नव्या पानावर सुरू करण्याचा हट्ट सोडला. शहाण्णव पानांत सगळी बाई बसली. शेवटच्या पानावर चार ओळी मोकळ्या राहिल्या, तेव्हा पोरगं म्हणालं, "मॅडम, नाद खुळा!" खरंच सुरेख लागलं होतं.

सर आले, पानं चाळली आणि म्हणाले, "छान केलंत. तरी ते नकोच."

"पण सर, आता पानं बसतायत."

"ताई, मुलींच्या हातात जाणार हे. उद्या एखादे पालक माझ्या दारात येऊन उभे राहिले तर?"

प्रेसचे अण्णा एरवी मजकुराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तेच म्हणाले, "अहो सर, शाहू महाराजांनी १९१९ ला संस्थानात काडीमोडीचा कायदा केला. आणि आपण आज इंग्लंडातल्या बाईला घाबरायचं व्हय?" सर हसले, पण हलले नाहीत. मी म्हटलं, तिला गोष्ट लिहायला लावली लुईसनं, पहिली कथा संपादकाकडं पाठवली त्यानंच. तो काढला तर १८५९ ची 'अ‍ॅडम बीड' ही कादंबरी आली कुठून? सरांनी पेन काढून समासात लिहिलं: 'पुढे त्यांचा लुईस यांच्याशी विवाह झाला.'

इथं मात्र मी अडले. लेखकाचं मत माझ्या अखत्यारीत येत नाही, पण चुकीचा तपशील येतो. त्यांचं लग्न कधीच झालं नाही. म्हणून तर सख्ख्या भावानं तेवीस वर्षं पत्र टाकलं नाही. लुईस गेल्यावर १८८० मध्ये तिनं क्रॉस नावाच्या मित्राशी रीतसर लग्न केलं, तेव्हा भावाचं अभिनंदनाचं पत्र आलं. हे सरांनीच पान एक्क्याऐंशीवर लिहिलं होतं. मी ते पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. बराच वेळ खोडाखोड झाली आणि शेवटी छापायला गेलं ते असं: 'लुईस यांच्या सहवासात त्यांना लेखनाची प्रेरणा मिळाली.' आठ पानं गेली. मोकळी झालेली जागा भरायला टाइप पुन्हा चौदा.

सरांचा मला राग नाही. त्यांनी निदान ते लिहिलं होतं. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. त्या टेबलावर आम्ही सगळे लुईसवरूनच भांडलो, मीसुद्धा. स्ट्रँडवरची संपादकी त्याच आठ पानांत होती, आणि तिच्यात पालकांनी दारात यावं असं काहीच नव्हतं. दुसऱ्यांचे लेख नीट करत काढलेली ती वर्षं कुणी मागितली नाहीत, कुणी नाकारलीही नाहीत, नको त्या पानांबरोबर ती गेली.

तेरा पॉइंटची फाईल मी पेनड्राइव्हवर घेतली आहे. ऑपरेटरलाही सांगून ठेवलंय, मशीन फॉरमॅट मारशील तेव्हा ती उडवू नकोस, दुसरी आवृत्ती निघाली तर लागेल. त्यानं फाईलला नाव दिलंय 'एलियट मोठी'.