गणिताचे मास्तर मॅक्स यूवे

१९३५ च्या डिसेंबरात अलेखाईनकडून बुद्धिबळाचं जगज्जेतेपद हिसकावून घेणारे मॅक्स यूवे पेशाने शिक्षक होते. ॲमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत ते गणित शिकवायचे. मीही गणितच शिकवतो, आणि तेही सांगलीत, म्हणजे बुद्धिबळाच्या गावात. यूवे मला अगदी आपले वाटतात.

नेदरलँड्सचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी बारा वेळा मिळवलं. पहिलं १९२१ मध्ये, शेवटचं १९५५ मध्ये. मधेच १९२६ ला गणितात डॉक्टरेट.

अलेखाईन दारू प्यायचा म्हणून हरला, असं अजून ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. ३० डावांच्या त्या सामन्यात यूवे सुरुवातीला तीन गुणांनी मागे होते. तिथून त्यांनी सामना १५½–१४½ असा काढला. झांडव्होर्ट या डच गावी झालेला २६ वा डाव पटावर मांडून बघा. यूवेंनी उंट दिला, बदल्यात तीन प्यादी घेतली आणि मधली प्यादी जोडीने पुढे रेटली. असा डाव समोरच्याच्या चुकीवर उभा राहत नाही. १९३७ च्या परतीच्या सामन्यात ते हरले, पण तो सामना खेळायची संधी त्यांनी अलेखाईनला आडकाठी न करता दिली होती, हेही सांगायला हवं.

माझ्या सगळ्यात आवडीचं मात्र त्यांचं १९२९ चं टिपण. खेळ्यांची तीच मालिका लागोपाठ तीनदा आली तर डाव बरोबरीत, असा एक नियम तेव्हा होता. त्याने प्रत्येक डाव संपतोच का? यूवेंनी सिद्ध केलं, नाही. घोडे पुढेमागे नेण्याच्या दोन तऱ्हा घ्यायच्या, एकीला ० म्हणायचं, दुसरीला १. मग ० पासून सुरू करून, दर वेळी आतापर्यंतच्या ओळीत ० चा १ आणि १ चा ० करून ती त्याच ओळीला पुढे जोडायची: ०११०१००११००१०११०… यात कुठलाही तुकडा सलग तीनदा येत नाही. थ्यू आणि मोर्स या गणितज्ञांना हा क्रम आधीच सापडला होता. यूवे तिथे स्वतःच्या वाटेने पोचले.

नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर लिहितो. मुलं तिसरी पुनरावृत्ती शोधत बसतात, घंटा झाली तरी उठत नाहीत. परवा एकीने विचारलं, "सर, पण पन्नास खेळ्यांचा नियम लावला तर?" अगदी नेमकं विचारलं तिने. प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, तर ५० खेळ्यांनंतर बरोबरी मागता येते, आणि ७५ झाल्या की कोणी मागितली नाही तरी डाव बरोबरीत सुटतो. आजच्या नियमांत यूवेंचा तो न संपणारा डाव चालणार नाही.