भिगवणच्या पाण्यात अमेरिकी गांडूळ

डलासला नोकरी करणारा माझा भाचा गेल्या दिवाळीत पुण्याला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी चॉकलेटचा एक डबा आणि मासे गळाला लावण्यासाठीच्या प्लास्टिकच्या गांडुळांची चौदा पाकिटे आणली. चॉकलेटे दोन दिवसांत संपली. पाकिटे मात्र मार्चपर्यंत कपाटातच होती. मार्चच्या पहिल्या शनिवारी मी आणि माझा मेहुणा ती घेऊन उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. एका सकाळच्या साडेचार तासांत जे जमले आणि जे फसले, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

ही आमिषे मुळात लार्जमाउथ बास या अमेरिकी माशासाठी घडवलेली आहेत. १९४९ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकचे गांडूळ साच्यात ओतले आणि तेथून हा धंदा वाढत गेला. आज वापरतात ते प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण. तापवून साच्यात ओतले की ते जेलीसारखे घट्ट होते. आपल्या धरणांत हा बास मिळत नाही. परंतु पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या खोडाशी दबा धरून बसणे आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर किंवा लहान माशावर झडप घालणे, ही बासची रीत आपल्या मरळीचीही आहे. फरक आहे तो तोंडाचा. बास आपला मोठा जबडा उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो आणि त्याचे दात खरखरीत कागदासारखे बारीक असतात. मरळ मात्र टोकदार दातांनी पकडते आणि चावते. अमेरिकेतला सल्ला इथे कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे बहुतेक वेळा या एका फरकावरून ठरते. त्या दिवशीची माझी निम्मी फजितीही त्यातूनच झाली.

पहिली फजिती मात्र पाण्यावर पोहोचण्यापूर्वीच झाली होती. आम्ही पहाटे चार वाजता हडपसर सोडले आणि यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असे करत सव्वासहाच्या सुमारास कुंभारगावच्या काठावर आलो. तिथे डबा उघडला, तर एका कप्प्यात गांडुळांच्या जागी हिरव्या-काळ्या रंगाचा चिकट गोळा बसलेला होता. मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात सगळी पाकिटे फोडून, नीटनेटकेपणाच्या हौसेने, रंगांप्रमाणे एकाच डब्यात लावली होती. त्यात हातभर ताणले तरी न तुटणारा आणि पाण्यावर तरंगणारा एक वेगळ्या रबरी द्रव्याचा प्रकार होता. तो नेहमीच्या प्लास्टिसोलला चिकटून राहिला तर दोन्ही विरघळतात, ही सूचना पाकिटावर छापलेली होती आणि ती मी वाचली नव्हती. डबा आठवडाभर गाडीच्या डिकीत तापत होता, त्याचाही हातभार लागला. पुढे जाणाऱ्यांनी प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पाकिटातच ठेवावा. प्लास्टिसोलमधले तेलकट द्रव्य काही साध्या प्लास्टिकच्या डब्यांचा तळही खाते, म्हणून डबा घेतलाच तर तो या आमिषांसाठी बनवलेला आहे याची खात्री करून घ्यावी. गडद आणि फिकट रंगही एकत्र ठेवू नयेत. काळ्याच्या शेजारी राहिलेला पांढरा दोन दिवसांत राखाडी होतो.

आमचे नावाडी पन्नाशीचे असावेत. हिवाळ्यात ते पक्षी पाहणाऱ्यांना फिरवतात आणि एरवी जाळी लावतात. मी हातात धरलेले दहा इंची गांडूळ त्यांनी दोन बोटांत घेऊन वाकवले, नाकाशी नेले आणि परत दिले. “साहेब, गांडूळ म्हंजे जित्तं पायजे. ह्याला वास न्हाय, चव न्हाय. मरळ काय येडी हाय व्हय?” मेहुणा हसला, मी गळाला गांडूळ लावू लागलो.

सुरुवात मी टेक्सास पद्धतीने केली. तिच्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे दोरीत मोकळे ओवतात, खाली वाकड्या मानेचा गळ बांधतात आणि गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून काढून, फिरवून, पुन्हा त्याच्याच अंगात लपवतात. टोक उघडे नसल्याने गळ वनस्पतींत अडकत नाही. पद्धत उत्तम आहे, परंतु मी शिसे सात ग्रॅमचे लावले होते. कुंभारगावच्या बाजूला, आम्ही होतो तिथे, पाणी कमरेएवढेसुद्धा खोल नव्हते आणि तळाशी शेवाळाचा जाड थर होता. सात ग्रॅमचे शिसे त्या थरात शिरत होते आणि दर फेकीला मी मूठभर हिरवा चिखल गोळा करून आणत होतो. शिसे बदलून साडेतीन ग्रॅमचे केले तेव्हा गांडूळ थरावर टेकू लागले. मग काठीच्या टोकाला टकटक जाणवू लागली. ओढून पाहावे तर गांडुळाची शेपटी गायब. चार गांडुळांच्या शेपट्या अशा गेल्यावर नावाड्यांनीच निदान केले, “चिलापी हाय. ती कुरतडती.” लांब, लवलवत्या शेपटीचे गांडूळ अमेरिकी तळ्यांत कितीही नावाजलेले असले, तरी चिलापीने, म्हणजे तिलापिया माशाने, भरलेल्या उजनीत ते म्हणजे कुरतडण्यासाठी टांगलेले गाजर आहे. मी तरी ते पुन्हा नेणार नाही.

त्यानंतर पाच इंची, दोन्ही टोकांना जवळपास सारखे, पेन्सिलीसारखे दिसणारे गांडूळ काढले. गॅरी यामामोटो यांच्या ‘सेंको’मुळे प्रसिद्ध झालेला हा आकार आहे. हातात घेतल्यावर तो अगदीच निर्जीव वाटतो. शेपटी नाही, पाय नाहीत. त्याच्या प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेले असते, त्यामुळे तो शिशाशिवायही लांब फेकता येतो आणि पाण्यात आडवा, दोन्ही टोके थरथरवत सावकाश बुडतो. मधोमध गळ टोचून वापरण्याच्या पद्धतीला वॅकी म्हणतात. वनस्पतींमधल्या मोकळ्या डबक्यांत तो सुरेख उतरत होता, पण उघडा गळ कडेच्या पाल्यात अडके आणि नऊनंतर वारा सुटल्यावर दोरीला झोल पडून काहीच कळेनासे झाले. ही पद्धत वापरायची असेल तर सूर्योदयापासून पहिल्या दीड तासात वापरावी आणि गांडुळाच्या कमरेला रबरी कडे चढवून गळ त्या कड्याखालून घालावा; नाहीतर दोन-तीन फेकींत गांडूळ मधोमध फाटते.

खरे काम केले ते चार इंची माशाच्या आकाराच्या आमिषाने, ज्याच्या शेपटीला वल्ह्यासारखी आडवी चकती असते. पाठीवर खाच आणि पोटात पोकळी असलेला प्रकार घ्यावा, कारण त्यात गळ लपतो आणि मासा चावला की प्लास्टिक दबून टोक बाहेर येते. मी शिसे अजिबात न लावता तो पाण्याच्या वरच्या वितीतून, शेपटी फक्त हलत राहील इतक्याच वेगाने ओढत होतो. तेवढ्यात नावाड्यांनी बांबू रोवून बोट थांबवली आणि हाताने खूण केली. वीसेक हातांवर पाण्यावर एक बारीक ‘पुच्’ असा आवाज होऊन कडे उमटले. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, त्यासाठी ती मधूनमधून वर येते. “वर आली बगा. तोंड त्या बाभळीकडं हाय. म्होरं टाका, अंगावर नगा टाकू.” मी कड्याच्या पुढे दोन-तीन हात टाकून आमिष तिच्या वाटेवर आणले. पाणी फुगले, दोरी ताणली गेली आणि मी त्याच क्षणी काठी झटकली. आमिष हवेत उडून बोटीत येऊन पडले.

“दाजी, घाई केलीत,” मेहुणा म्हणाला आणि ते खरे होते. आमिषाच्या मागच्या अर्ध्या भागावर दातांच्या खुणांची ओळ होती. गळ पुढच्या अर्ध्यात. बास आमिष एका घोटात आत ओढतो, मरळ आधी धरते आणि मग तोंडात वळवते. म्हणून मरळीसाठी दोरीत वजन जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच जोरात झटका द्यावा. आमिषही चार इंचांहून लांब घेऊ नये, म्हणजे गळ दातांच्या आवाक्यात राहतो. तिसऱ्या वेळी मी मनात ‘एक, दोन’ म्हटले आणि सव्वा किलोच्या आसपासची मरळ बोटीशी आली. तिच्या आधीच्या माशाने माझा बारीक तारेचा गळ सरळ करून टाकला होता. या माशाचे तोंड हाडाचे असते; जाड तारेचा, रुंद पोटाचा, ३/० किंवा ४/० क्रमांकाचा गळ आणि किमान ३० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी असल्याखेरीज पाल्यातून तिला ओढून काढता येत नाही. अमेरिकी चित्रफितींत बासचा खालचा ओठ अंगठ्याने धरतात, तसे मरळीला कधीही करू नये. पकड न्यावी आणि हात ओले करून माशाला आधार द्यावा.

रंगांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाकिटांवरची टरबूज, हिरवा भोपळा, जांभळा भुंगा ही नावे गिऱ्हाइकाला गळाला लावण्यासाठीच आहेत असे माझे मत झाले आहे. पाणी गढूळ असेल तर आकृती ठळक दिसेल असा काळा किंवा गडद जांभळा, आणि निवळ असेल तर तपकिरी-हिरवट, एवढे दोन नेले तरी पुरते. उजनीच्या हिरव्या पाण्यात आम्हाला काळ्याने साथ दिली. पानशेतच्या निवळ पाण्यावर जाणाऱ्याने हिरवट रंग न्यावा. रंगांवर घालवायचे पैसे शिशाच्या वेगवेगळ्या वजनांवर घालवावेत, कारण आमिष कोणत्या थरात आणि किती सावकाश उतरते हे वजनावर ठरते. उथळ, पाल्याच्या पाण्यात शून्य ते साडेतीन ग्रॅम आणि धरणाच्या दगडी, खोल काठाला सात ते दहा ग्रॅम असा माझा अंदाज आहे. जलपर्णीचा अखंड गालिचा असेल तिथे मात्र यातले काहीच चालत नाही; तिथे पोकळ अंगाचा रबरी बेडूकच टाकावा.

जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात आणि काठावरच्या मच्छीमारांचे पोट त्यावर आहे, तेव्हा गावातलीच बोट घ्यावी, पैसे आधी ठरवावेत आणि जाळ्यांच्या बोयांपासून दूर राहावे. आम्ही साडेचार तासांचे दीड हजार दिले. रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात असतात, त्या बाजूला काठ्या बाहेर काढू नयेत. नावाडी स्वतःच तिकडे नेत नाहीत. फाटलेले गांडूळ पाण्यात टाकू नये. ते कुजत नाही आणि मासे ते गिळतात. आम्ही एक रिकामी दुधाची पिशवी त्यासाठी बोटीत बांधली होती, तिच्यात परतताना अकरा तुकडे आणि तो हिरवा-काळा गोळा होता.

मरळ आम्ही सोडून दिली. नावाड्यांना ते पटले नाही, “भाकरीबरोबर लई झ्याक लागती,” असे ते दोनदा म्हणाले. पावसाच्या तोंडाशी मात्र तेही मरळीला हात लावत नाहीत, कारण तेव्हा नर-मादी लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करत असतात आणि थव्यावर पडलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात. त्या दिवसांत भाच्याची सगळी पाकिटे सारखीच चालतील, म्हणूनच ती घरी ठेवावीत. आम्ही पुन्हा जाऊ ते ऑक्टोबरअखेर, धरण भरलेले असताना; बाभळी तेव्हा पाण्याखाली असतील आणि शिसे पाच ग्रॅमचे लागेल.